तळघर

“…आणि तबला कोण वाजवतंय?”

“कुणी नाही, जीजी. मशीन.”

“सारंगी?”

“तीही नाही.”

“अगं, मग तुझ्या मागे बसलंय तरी कोण?”

“कुणीसुद्धा नाही,” मृण्मयी म्हणाली, आणि म्हणताना तिची मान जरा ताठच झाली. “सगळं मी एकटीने केलंय. शब्द माझे, गळा माझा, ठेका, बेस, मिक्सिंग, सगळं. एक खोली आणि एक लॅपटॉप.”

जीजींनी सुपारीचं खांड या गालातून त्या गालात सरकवलं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

मिरजेत जीजी हेर्लेकरांकडे जो जो गाणं शिकला, त्याला त्या घराची रीत पाठ होती. पहिलं गाणं चारचौघांत जाण्याआधी जीजींपुढे व्हायचं. त्या ‘जा’ म्हणाल्या की जायचं. नाही म्हणाल्या की गुमान तानपुरा मांडीवर घेऊन पुन्हा खर्जापासून सुरू करायचं. भल्याभल्यांना त्यांनी असं परत बसवलं होतं, आणि एकानेही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

मृण्मयीचं हे पहिलं गाणं. नाव ‘तळघर’. संध्याकाळी फाइल पाठवायची, की मग ते सगळ्या जगात लागणार. जीजी नाही म्हणाल्या तर पाठवायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं खरं, पण सकाळपासून ती फाइल तिने दहादा उघडून बंद केली होती.

गाणंच तसं होतं ना! मृण्मयीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि पोरीचा गळा गेला. वरचे सूर तर सोडाच, मधल्या पट्टीतही आवाज फाटायचा. वर्षभर ती पडदे ओढून खोलीत बसली. तिथे जे सुचलं ते तिने मशीनवर बांधलं. काळंकुट्ट, जड, छातीत घुमणारं. असलं काही जीजींच्या उंबऱ्याच्या आत आजवर शिरलं नव्हतं.

“भीती वाटेल हं, जीजी,” हेडफोन पुढे करत तिने बजावलं.

“मला? या वयात? घाल की डोक्यावर!”

जीजी आरामखुर्चीत टेकल्या. दुपारचं ऊन खिडकीतून थेट त्यांच्या मांडीवर आलं होतं. पांढऱ्या अंबाड्यावर तो काळा हेडफोन असा काही दिसत होता, की एरवी मृण्मयी खो खो हसली असती. आज हसू फुटेना. तिने गाणं सुरू केलं.

खोलीत चिडीचूप. गाणं फक्त जीजींच्या कानात. मृण्मयीला दिसत होती ती लॅपटॉपच्या पडद्यावर पुढे सरकणारी बारीक रेघ.

आधी जीजींच्या पायाचा अंगठा हलला. मग तो थांबला.

मग डोळे मिटले.

मग… चक्क घोरण्याचा आवाज आला.

झालं! एवढं जीव तोडून केलेलं गाणं, आणि म्हातारी झोपली! मृण्मयीला हसावं की रडावं ते कळेना.

तेवढ्यात तिला आठवलं. जीजींची ती डुलकी! शिष्य गात असले की जीजी खुशाल झोपायच्या. नवखे हिरमुसायचे. जुने त्यांना दबक्या आवाजात सांगायचे, झोपू देत रे बाबा, त्या जाग्या झाल्या की तुझी धडगत नाही. कारण सूर कुठे खोटा लागला, की जीजींचे डोळे टक्क उघडायचे.

आता मृण्मयी एकदा त्या रेघेकडे बघे, एकदा जीजींकडे.

पुढे ती जागा होती. गाण्यात सगळ्यात काळोखी. तिथे तिचा आवाज चढता चढता फाटला होता. चांगला टरकन फाटला होता. आता उठणार, ती मनात म्हणाली. आता उठून कान धरणार माझा.

रेघ त्या जागेवर आली…

जीजींनी मान दुसऱ्या अंगाला वळवली आणि झोप आणखी गाढ झाली.

मृण्मयीने सुटकेचा निःश्वास टाकला. राहिला होता शेवट, आणि त्याची तिला मुळीच काळजी नव्हती. शेवटी भैरवाचा, पहाटेच्या रागाचा, आलाप होता. धुतल्या तांदळासारखा. जीजींनीच शिकवलेला.

रेघ तिथे पोचली आणि जीजींचे डोळे टक्क उघडले. त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला.

“हे कोण आलं गं?”

“कोण म्हणजे? मीच, जीजी. तुमचाच भैरव आहे.”

“तुझा गळा असा साफ राहिलाय?”

“नाही…” मृण्मयीने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “मशीनने सरळ केलाय. पण सूर तसूभर हललेला नाही. तपासून घेतलाय मी.”

“आणि मघाशी फाटलीस ती?”

“तिथे काही नाही केलं. तिथे सरळ केलं असतं तर खोटं…”

वाक्य अर्धंच राहिलं. तिने जीभ चावली.

जीजी खुर्चीत सरळ बसल्या.

“एकटीने केलंस म्हणालीस ना?”

“हो.”

“मग शेवटी मला कशाला आणून बसवलंस?”

मृण्मयीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“तुम्ही ‘जा’ म्हणावं म्हणून,” ती हळूच म्हणाली. “आणि जीजी, नुसता अंधारच अंधार… ऐकणाऱ्याला शेवटी थोडा उजेड नको का?”

जीजींनी भलीमोठी जांभई दिली.

“गोळी घेऊनसुद्धा हल्ली डोळ्याला डोळा लागत नाही माझा,” त्या कुरकुरल्या. “आत्ता कशी मस्त लागली होती. मोडलीस मेले!”

मृण्मयी लॅपटॉपवर वाकली. तो आलाप तिने अख्ख्या गाण्यापेक्षा जास्त घोटला होता. काढताना बोट अडखळलं. मग तिने तो काढला. आता गाणं तिच्या फाटक्या आवाजावर यायचं, आणि तिथून घुमत घुमत खाली जाऊन संपायचं.

आणि काय आश्चर्य! तिला एकदम बरं वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं, मोकळं मोकळं.

“काढलं, जीजी.”

“लाव परत.” जीजींनी हेडफोन पुन्हा कानावर चढवला, पाय लांब केले, पदर पोटावर नीट ओढून घेतला.

मृण्मयीने गाणं सुरू केलं. पण तिला राहवेना. तिने वाकून हेडफोन एका कानावरून जरासा उचलला.

“जीजी… मग जाऊ ना?”

जीजींनी डोळे मिटूनच हात हलवला.

“खिडकी लाव गं आधी. उजेड येतोय.”