तान्ह्याची खिडकी

करंजखोलच्या इंग्रजी बंगल्याच्या बागेला पुरुषभर उंच, काळ्या दगडाची भिंत आहे. तिच्यात कमरेच्या उंचीवर एक चिरा नाही. ही तान्ह्याची खिडकी. बंगला दाखवणाऱ्या कौसाबाई पाहुण्यांना इथं हमखास थांबवतात आणि सांगतात ते असं.

साहेबानं आपल्या गुलाबांसाठी भिंत घातली, तेव्हा गावची सटवाई आत राहिली. चिरे रचले गावानंच. देवीला वाट ठेवतील, या भरवशावर. वाट काही ठेवली नाही. फाटकावर पट्टेवाला बसला.

गोजरा तेव्हा नुकती बाळंत झालेली. आधीची दोन लेकरं बारावा दिवस बघायच्या आतच गेली होती. हे जगलं तर बाराव्याला तुझ्या पायावर घालीन, असं तिनं सटवाईला बोलून ठेवलेलं. घडीघडी ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. बारावा उजाडला. पट्टेवाला म्हणाला, "साहेब शिकारीवरून आले की विचारू."

"माझ्या लेकरानं तुझ्या साहेबाची वाट बघत बसायचं का रे?"

तिनं नवऱ्याची पहार उचलली. भिंतीच्या कामावर असताना पोटुशीपणी जो चिरा तिनं स्वतः चुन्यात बसवला होता, तोच भर दुपारी उपसून काढला. पलीकडे भागूजी माळी होता, परगावचा, साहेबाच्या मिठाला जागणारा.

"पोरी, माझी नोकरी जाईल गं!"

"जाऊ दे, दादा. लेकरू आत सरकवलंय. धर, नाहीतर मी हात सोडते."

हात तिनं सोडला नसता. पण भागूजीला ते कुठं ठाऊक? त्यानं मूल झेललं, देवीच्या पायावर घातलं, कपाळी शेंदूर लावून परत दिलं. नोकरी गेलीच. गोजरानं त्याला पोराचा मामा म्हणून घरी नेलं.

साहेबानं भोक बुजवायला सांगितलं. गावातला एकही गवंडी थापीला हात लावेना. बाहेरून आणलेल्यानं चिरा बसवला, तर सकाळी तो खाली. पुन्हा बसवला, पुन्हा खाली. देवी पाडायची म्हणे. कौसाबाई हसतात, "गावात बाळंतिणी काय कमी होत्या?"

फाटक आता सगळ्यांना उघडं असतं. तरी आजही बाराव्याला मूल फाटकातून नेत नाहीत. खिडकीतूनच देतात, आणि पलीकडे घरचं माणूस उभं करत नाहीत. परकं कुणी हात पुढं करील, ते त्या मुलाचा मामा नाहीतर मावशी.

एवढं सांगून कौसाबाई पाहुण्यांकडे वळतात. "आज एक बाळ यायचंय. बोला, तुमच्यातलं कोण जातंय आत?"