प्रसादाचं वजन

"देवीची नथ या पोरीनेच चोरली, महाराज!" देवळाचे कारभारी रंगोपंत यांनी भर मंडपात बोट दाखवलं. "गाभाऱ्यात फुलं घेऊन हिच्याशिवाय जातंच कोण?"

ती पोर म्हणजे गुरवाची सारजा. समईचं तूप पंतांच्या घरी जातं असं तिने चारचौघांत बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून पंत तिच्यावर दात धरून होते.

"नथ मी घेतली नाही," सारजा म्हणाली. "देव करील तो न्याय मला मान्य आहे."

कनकगडचे रायाजीराजे हट्टी. त्यांनी लगेच धान्याचा मोठा तराजू मागवला. "देवाचाच न्याय हवा ना? मग ऐक! आत्ता तुझं वजन करायचं, दिवे लागताना पुन्हा करायचं. हलकी भरलीस तर निर्दोष. जड भरलीस तर पापाचं वजन वाढलं असं समजायचं, आणि तुझ्या बापासकट तुला हद्दपार करायचं!"

म्हाताऱ्या गुरवाच्या डोळ्यांत पाणी आलं. सारजाने मात्र हात जोडले.

"महाराज, देवाच्या दारात आरोपी एकटा नसतो. खोटी फिर्याद हेही पापच! पंतांचंही वजन करा."

"करा की!" पंत हसले. "मला कसली भीती?"

दोघांची वजनं झाली. कुणी लबाडी करू नये म्हणून दोघांनी मंडपातच बसायचं ठरलं. राजेही तिथेच सोंगट्या मांडून बसले.

दुपारी पंतांनी आपल्या आचाऱ्याला हळूच खूण केली. थोड्याच वेळात तुपाने निथळणाऱ्या पुरणपोळ्यांचं भलंमोठं ताट सारजासमोर आलं.

"घे बाळ," पंत साखरेत घोळून बोलले. "देवीचा प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणू नये!"

सारजाने ताटाकडे पाहिलं, मग तराजूकडे पाहिलं. तिने ताट कपाळाला लावलं आणि उचलून थेट पंतांपुढे ठेवलं.

"अगंबाई! देवळाच्या मानकऱ्याआधी मी कशी खाऊ? देवी कोपेल ना!"

"मला... मला भूक नाही."

राजांनी सोंगट्यांवरून मान वर केली. "प्रसादाला भूक लागते होय, पंत? घ्या!"

पंतांनी चतकोर तोडला.

"प्रसाद टाकायचा नसतो हं, पंत!" सारजाने आणखी एक पोळी वाढली.

"पुरे गं!"

"देवीला पुरे म्हणता?" तिने वर तूप सोडलं.

राजे बघत होते, गाव बघत होतं. पंत घाम पुसत खात राहिले. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांना धड उठताही येईना.

दिवे लागले. दुसऱ्या पारड्यात ज्याची त्याची सकाळचीच वजनं ठेवायची होती. सकाळपासून उपाशी असलेली सारजा पारड्यात बसली आणि पारडं अलगद वर गेलं. मग चौघांनी हात देऊन पंतांना चढवलं. पारडं धप्पकन जमिनीला टेकलं!

"पंत!" राजे कडाडले. "एवढं पाप?"

"पाप नाही, महाराज!" पंत पोट धरून ओरडले. "पुरणपोळ्या आहेत त्या!"

"अस्सं?" सारजा म्हणाली. "तुमच्या पोटात गेल्या तर पुरणपोळ्या, आणि माझ्या पोटात गेल्या असत्या तर ते पाप?"

मंडपात हशा पिकला. राजे मात्र हसले नाहीत. ते पंतांजवळ गेले.

"ही जड भरावी म्हणून एवढा खटाटोप! का हो? नथ कुठे आहे?"

"घरी... देव्हाऱ्यामागे," पंत पुटपुटले.

शिपाई धावले आणि नथ घेऊन आले. गुरवाने ती देवीला घातली. सारजासाठी ठरलेली हद्दपारी पंतांच्याच वाट्याला आली.

"पोरी," राजे म्हणाले, "तुझा देवावर एवढा भरवसा होता, मग गुपचूप जेवायचं होतंस की! त्याने तुला तरीही हलकं केलं असतं."

"भरवसा देवावर होता, महाराज," सारजा म्हणाली, "पंतांच्या ताटावर नव्हता!"

आता राजे असे खदखदून हसले की सोंगट्यांचा पट उधळला. त्यांनी देवळाच्या कोठीच्या किल्ल्या पंतांच्या कमरेवरून काढून सारजाच्या हातावर ठेवल्या. वर गुरवाला बागायत जमीन इनाम दिली.