शास्त्रीबुवांचा डावा पाय

"...पण मन आवरायचं कशानं, ते सांगा ना बाबा. मनानंच मन आवरायचं, तर आवरणारा कोण आणि आवरला जाणारा कोण?"

गदाधरशास्त्र्यांनी हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा विचारला होता. मठीच्या ओसरीवर बसलेले म्हातारे भैरवगिरी गोसावी ऐकत होते.

शास्त्रीबुवा म्हणजे वादात भल्याभल्यांना पाणी पाजणारा माणूस. पण एकवीस रात्री डोळ्याला डोळा नाही. परवा तर पाठशाळेत शिकवताना तोंडपाठ श्लोक अर्ध्यावरच अडला आणि विद्यार्थी एकमेकांची तोंडं बघू लागले. असंच चाललं तर आपण वेडे होणार, या धास्तीनं बिचारे बाबांना गुरू मानून इथवर आले होते.

बाबांनी काशाची वाटी जवळ ओढली, तुपात बोटं बुडवली.

"पाय द्या."

शास्त्री चपापले. "माझे पाय, तुम्ही धरणार? कुठे फेडू हे पाप..."

"पापपुण्याचं नंतर बघू."

बाबांनी स्वतःच त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. तळव्याला तूप लावलं आणि वाटी हलक्या हातानं फिरवू लागले. टाचेकडून बोटांकडे, पुन्हा टाचेकडे.

शास्त्र्यांचं डोकं लागलं पळायला. गुरूनं शिष्याचे पाय धरणं कुठल्या ग्रंथात बसतं? याला प्रायश्चित्त काय?

हळूहळू तळवा काळा पडला.

"उष्णता उतरली म्हणतात लोक ती हीच ना?" शास्त्री हसले. "खोटं आहे ते. तूप लावून घासलं की काशाचाच काळा रंग सुटतो. माझ्या पायातून काही निघत नाही."

"खरंय," बाबा म्हणाले.

कंबर कसून वादाला बसावं आणि समोरच्यानं 'खरंय' म्हणावं, मग माणसानं करायचं तरी काय?

"मग घासता कशाला?"

"पाय थंडगार पडलेत तुमचे."

"पण त्यानं मन..."

वाटी फिरत होती. बरं वाटत होतं, इतकंच. एवढ्याशानं बरं वाटावं, याची शास्त्र्यांना थोडी लाजही वाटली.

"...मन कसं काय..."

वाक्य तिथंच राहिलं. मान मागच्या खांबाला टेकली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. बाबा होते तिथंच, पाय अजून त्यांच्या मांडीवर. शास्त्र्यांचे डोळे भरून आले. पण सवय ती सवय, डोकं लगेच कामाला लागलं.

"बाबा, उष्णता उतरली नाही. मंत्र म्हटला नाहीत. माझ्या प्रश्नाचं उत्तरही दिलं नाहीत. मग झोप आली कशानं? हे कळल्याशिवाय आज रात्री माझा डोळा लागायचा नाही."

बाबांनी पुन्हा तुपात बोटं बुडवली.

"उजवा पाय राहिलाय. द्या इकडे."