ताद्देओची पाटी

फार जुनी गोष्ट आहे, पोरांनो. मोठ्यांनी ऐकली तरी हरकत नाही. इटली देशात, डोंगराच्या पायथ्याशी एक पाववाला राहायचा. त्याचा मुलगा ताद्देओ पीठ मळता मळता नव्या चाली रचायचा. बापाने मन घट्ट केलं, भट्टी एकट्याने सांभाळली आणि लेकाला शहरातल्या चर्चमध्ये संगीतगुरूंकडे धाडलं.

तिथली रीत अशी, की गाणं आधी पाटीवर रचायचं. गुरू ओला बोळा घेऊन शेजारी उभे. एक सूर चुकला की सगळी पाटी पुसली. निर्दोष होईल तेच कागदावर, असं ते रोज बजावायचे. बारा वर्षांत ताद्देओ असा तयार झाला, की गुरूंच्या आधी त्यालाच चूक दिसायची आणि बोळाही त्याचाच फिरायचा.

पुढे बाप अंथरुणाला खिळला, म्हणून ताद्देओ घरी आला. बापाची एकच इच्छा होती. आपल्याला माती देताना चर्चमध्ये लेकाचं गाणं व्हावं. ताद्देओ कामाला लागला आणि एका सकाळी त्याने पाटीवरचं गाणं गाऊन दाखवलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली.

"झालं की रे. आता कागदावर उतरव."

"शेवटचा सूर जरा खटकतोय, बाबा. उद्या उतरवतो."

आणि सवयीने पाटीवर बोळा फिरला. काय म्हणावं या करंट्याला! मग रोज नवं रचायचं, रोज पुसायचं. बाप भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. अठराव्या दिवशी तो गेला.

गावचे गायक कागद मागायला दारात आले. ताद्देओने ते पहिलं गाणं आठवायची शिकस्त केली, पण नंतरच्या सतरा गाण्यांनी ते पार बुजवून टाकलं होतं. बापाला परक्या गाण्यावर माती दिली गेली.

गुरूही आले होते. कोरी पाटी पाहून त्यांनी मान खाली घातली.

"पुसायला मी शिकवलं," ते म्हणाले. "थांबायला शिकवायचं राहून गेलं."

ताद्देओ पुढे पुष्कळ वर्षं जगला. बापाच्याच भट्टीवर पाव भाजत राहिला. पीठ मळताना तो गुणगुणतोय, असं मात्र कुणी कधी ऐकलं नाही.

म्हणून सांगतो, द्यायचं ते चुकीसकट वेळेवर द्यावं. ते निर्दोष होईपर्यंत घेणारा थांबत नाही.