दोनशे पानांत एकच चेहरा

"चूक कुठे आहे, तेवढं सांगा," निनाद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

चाळीस वर्षं मुलांच्या मासिकात चित्रकथा काढलेले हुदलीकर सर शिष्याची दोनशे पानं सावकाश उलटत राहिले. त्या सावकाशपणाचाच निनादला जास्त संताप आला.

‘मांगा’ या जपानी चित्रकथांच्या धर्तीवर काढलेली प्रेमकथा होती. नायक निनादसारखा. नायिका नाकडोळ्यांसकट शाल्मलीसारखी. शाल्मली वर्षापूर्वी त्याला सोडून गेली होती. हे वाचून ती परत येईल अशी त्याची खात्री होती. काल तिने वाचलं आणि निरोप पाठवला, चित्रं छान आहेत.

"वर्षभर घराबाहेर पडलो नाही मी. आणि चित्रं छान आहेत? मी काय कॅलेंडर काढलंय?"

"नायक जमलाय," सर म्हणाले.

"जमणारच. सुरुवातीला भित्रा आहे. मग बापाशी भांडतो, नोकरी सोडतो, तोंडावर आपटतो, सावरतो. शेवटी माणूस होतो."

"आणि ही?"

"ती त्याच्यावर प्रेम करते."

"बाकी?"

"बाकी काय... प्रेमकथा आहे, सर."

सर उठले. चित्रं गिरवायची काच होती, तिच्याखालचा दिवा त्यांनी लावला. काचेवर बारावं पान ठेवलं, त्यावर एकशे नव्वदावं. नायकावर नायक ठेवला, तर दोन वेगळी माणसं दिसली. मग त्यांनी पान सरकवलं आणि नायिकेवर नायिका ठेवली.

रेघेवर रेघ बसली. पापणीसुद्धा हलली नव्हती.

निनादचे कान तापले. "एकदा साधलेला चेहरा सगळेच गिरवतात. तुम्हीही गिरवलेत."

"गिरवले. राजाच्या घोड्याचे." आता सरही चिडले होते. "माझा घोडा मला सोडून गेला नाही."

"ती तशीच होती! शांत. सात वर्षांत एकदा रागावली नाही."

"जाताना कशी दिसत होती?" सरांनी कोरा कागद त्याच्यापुढे आपटला. "काढ."

निनादने तावातावाने पेन्सिल उचलली. आधी डोळे काढले. ते हसरे झाले. त्याने खोडले. पुन्हा काढले. पुन्हा तेच, बाराव्या पानावरचे. खोडता खोडता कागद फाटला. त्याने पेन्सिल भिंतीवर फेकली.

"आठवत नाही मला."

सरांनी फाटलेला कागद बाजूला केला.

"ती दारात उभी होती. काहीतरी बोलत होती. मी टेबलाशी बसून काढत होतो..." त्याला स्वतःचाच राग आला. "मान वर केली नाही मी."

...

शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे ती परत येणार नाही?"

सरांनी पेन्सिल उचलून त्याच्या हातात दिली आणि दुसरा कागद समोर ठेवला.

"ती उभी होती तिथून तू कसा दिसत होतास, ते काढ."