सहा बैल आन् एक आकडा

लई जुनी गोष्ट हाय, तुमच्या खापरपणज्याला दात फुटायच्या आधीची. ल्हान-थोर समदे ऐका. ज्याला गुणाकार येत न्हाई त्यानं माझ्याजवळ बसावं, आपली जोडी जमंल.

एक गाव होतं. गावात सहा घराणी, सहाच्या सहा मानाची. गावाची वेस अशी अरुंद, की एका वक्ताला एकच बैल जाणार. मग पोळ्याला तोरणाखालून पैला बैल कुणाचा? दर साली काठ्या निघायच्या, डोकी फुटायची. शेवटी राजानं पाटलाला बजावलं, "औंदा एक जरी डोकं फुटलं, तर गाव मोडून सहा वाड्या करीन."

पोळा आला. येशीपाशी सजवलेले सहा बैल, आन् सहा मालक काठ्या घेऊन. पाटील घामाघूम.

तेवढ्यात पाटलीणबाई गेरूचं भांडं घेऊन आली. "भावजी, बैलांवर एकेक आकडा काढते. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. कुणाला कोणता?"

सगळ्यांत आडदांड मालक पुढं सरला. "आठ माझा. मोठा त्योच."

"घ्या की." बाईनं आकडे काढले आन् बैल ओळीनं उभे केले. १४२८५७. "औंदा ही रांग. एकवाला पुढं."

आठवाला भडकला. "आन् आमी?"

"पुढल्या साली ह्या आकड्याची दुप्पट करा. जो आकडा पुढं येईल, त्याचा बैल पुढं."

त्यानं हातातली काठी उलटी धरली आन् मातीत हिशेब मांडला. २८५७१४. दोनवाला पुढं आला. एक आन् चार मागं गेले, पर कुणाच्या मागं कोण, ते तसंच.

तिप्पट केली, चारवाला पुढं. चौपटीला पाचवाला, पाचपटीला सातवाला. सहापटीला आला आठ.

"म्हंजी समद्यांत शेवटी मी?"

"मोठा आकडा तुमीच मागितला, भावजी."

गाव खदखदून हसलं. आठवाला मात्र मातीकडंच बघत होता. "काय इरसाल आकडा हाय ह्यो. समद्यांना पुढं आणतो, आन् रांग मोडत न्हाई. थांबा, सातानं गुणून मोडतोच."

गुणलं. ९९९९९९.

त्यानं पुन्हा गुणलं. तेच.

"मग सातव्या साली पुढं कोण?" पाटलानं हळूच विचारलं.

"कुणीच न्हाई," आठवाला म्हणाला. "समदे नऊ."

त्या दिवशी एकवाल्याचा बैल तोरणाखालून पैला गेला. डोकं एकबी फुटलं न्हाई.

आन् सातव्या साली आठवाल्यानंच पहार घेऊन जुनी वेस पाडली, आन् सहा बैल शेजारी शेजारी जातील एवढी रुंद बांधली.

तर बाबांनो, मान एकाच दावणीला बांधला की गाव फुटतं, फिरता ठेवला की गाव टिकतं.