चित्रावरून लावलेला भाव

समुद्रकाठच्या एका बंदरात फार पूर्वी एक व्यापारी राहायचा. दूरदेशीचे कारखानदार आपल्या मालाची चित्रं छापलेली पुस्तकं त्याला गलबतातून पाठवत. तो ती चाळून माल मागवी, भाव लावी आणि विकी.

त्या पेढीची एक जुनी रीत होती. व्यापाऱ्याचे वडील आलेल्या मालातला एक नग आधी घरात देत. सून तो रोजच्या कामात वापरायची. पातेलं करपतं का, कात्रीची धार जाते का, हे तिने सांगितलं की मगच सासरे भाव ठरवत. टिकाऊ निघालं ते महाग, कच्चं निघालं ते स्वस्त. त्यामुळे तिथे कुणी वस्तू उलटसुलट करून बघतच नसे. भाव ऐकला की माल कसा आहे ते कळायचं.

वडील गेले. मुलाला ही रीत म्हणजे नुसता खोळंबा वाटे.

एकदा नवं पुस्तक आलं. त्यात दोन कंदील होते. एक सोनेरी कडांचा, वेलबुट्टीचा. दुसरा काळा, बसका, जाड काचेचा. कारखान्याची किंमत दोन्हींची सारखीच. माल अजून गलबतातच होता, तेवढ्यात व्यापाऱ्याने भाव लावूनही टाकले. सोनेरी चौपट, काळा जेमतेम.

माल उतरला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एकेक घरी लावून बघू या ना. कार्तिक लागलाय, माझं आकाशदिव्याचं व्रत आहेच. बाहेर वाऱ्यातच टांगायचा असतो. देवाचंही होईल आणि तुम्हालाही कळेल."

"आणि तुझ्या व्रतात काजळलेला कंदील मग घेणार कोण? देव?" तो हसला. "चित्र बघ जरा. कसा उठून दिसतोय!"

तिने आपली मातीचीच पणती आडोशाला ठेवून हात जोडले.

पुढे एक कोळीण दुकानात आली. तिचा नवरा एका लहानशा होडीचा नाखवा होता.

"शेट, नाखव्याला कंदील पायजे. काळोखात मोठी गलबतं अंगावर येतात, त्यास्नी होडी दिसाया नको? वाऱ्यात कंचा टिकंल?"

व्यापाऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, 'बाई, मी दोन्ही लावून पाहिलेले नाहीत.' एवढंच म्हणायचं होतं हो! पण चौपट भावाचा सोनेरी कंदील हाताशीच होता.

"भाव बघ की," तो म्हणाला. "आमच्या पेढीवर भाव उगाच लागत नाही."

"ते सासूबी सांगते माझी. मला आपला हा काळा दणकट वाटला व्हता, पर येवढा सवस्त म्हंजी कायतरी खोड असंल." तिने हातातलं चांदीचं कडं काढून पुढे ठेवलं आणि हसली. "नाखवा म्हनंल, होडीपरीस कंदीलच भारी आनलास!"

काही दिवसांनी समुद्रावर वारा उठला. सोनेरी कंदिलाची पातळ काच तडकली आणि वात विझली. शेजारच्या होडीतल्यांनी ते पाहिलं, ओरडले. पण बंदरात शिरणाऱ्या गलबताला काळोखात होडी दिसलीच नाही. नाखवा परत आला नाही.

ही बातमी कळली त्या दिवशी बायकोने देवापुढे बसून डोळ्यांना पदर लावला. मग व्यापाऱ्याने स्वतः उठून काळा कंदील अंगणात टांगला. वारा घोंगावत होता. ज्योत साधी हललीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो हातगाडीवर सगळे काळे कंदील घालून कोळीवाड्यात गेला. कोळीण दारात बसली होती.

"बाई, हा घे. पैसे नकोत. हा टिकतो. मी स्वतः लावून बघितलाय."

तिने कंदिलाला हात लावला नाही.

"तवा म्हनलास, भाव बघ. म्या बगितला. आता तर भावच नाय. मंग काय बगू, शेट?"

आजूबाजूच्या दारांत उभ्या असलेल्या बायकांनी एकेक करून दारं लावून घेतली. गाडी भरलेली गेली तशी भरलेली परत आली. होड्या आपल्या जुन्या, मिणमिणत्या दिव्यांवरच समुद्रात जात राहिल्या. अंगावर येणारी गलबतंही तीच होती आणि चांगले कंदील दुकानात गंजत होते.

तेव्हापासून आलेल्या प्रत्येक मालातला एक नग व्यापारी न विसरता घरात देऊ लागला. बायको तो मनापासून वापरायची आणि कसा आहे ते सांगायची. कधीतरी कुणी पुन्हा भाव विचारायला यावं, असं ती रोज देवाला विनवायची.

कुणीच आलं नाही.

या कथेचं तात्पर्य, बाळांनो, एवढंच: न पारखलेल्या वस्तूला भाव लावणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणं. ती एकदा खोटी ठरली, की पुढे आपण खरं सांगायला लागलो तरी ऐकायला कुणी उरत नाही.